पाठीमागचं घर

मागच्या हिवाळ्यात एक मित्र कामासाठी इस्तंबूलला जाऊन आला. सगळे आणतात तशी मिठाई त्याने आणलीच, पण माझा नाद माहीत असल्यामुळे जुन्या फोटोंचं एक जाडजूड पुस्तकही घेऊन आला. मजकूर सगळा तुर्की, मला एक शब्द कळत नाही. पण फोटो बघायला भाषा कशाला लागते? रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर ते पुस्तक घेऊन बसलो, तो चहा दोनदा गार झाला तरी उठलो नाही.

पुस्तकभर लाकडी घरं. अरुंद चढाच्या गल्ल्या, दोन्ही बाजूंना दोन-तीन मजली घरं, आणि वरचे मजले गल्लीवर पुढे झुकलेले. समोरासमोरच्या खिडक्यांतून बायका एकमेकींना वाटी-चमचा देऊ शकतील इतकं अंतर. फळ्यांना रंग नाही. ऊन-पावसाने लाकूड काळपट करडं पडलेलं. खाली दगडी फरशीवर खेळणारी पोरं, पाठीवर ओझं घेतलेला हमाल, दारात बसून काहीतरी निवडणारी म्हातारी, दोरीवर वाळत घातलेले कपडे. एका फोटोत एक घर इतकं कललं होतं की त्याला बाहेरून दोन वासे लावून टेकू दिला होता, आणि वरच्या खिडकीत एक बाई निवांत बाहेर बघत उभी होती.

त्या टेकूपाशी मी थांबलो. कारण तसाच टेकू आमच्या मुर्ध्याच्या घराच्या मागच्या पडवीला होता. आणि त्याचा फोटो माझ्याकडे नाही. फोटो सोडा, त्या घराचाच एक धड फोटो माझ्याकडे नाही.

मुर्धा म्हणजे भाईंदर पश्चिमेला, उत्तनच्या रस्त्यावरचं गाव. मुर्धा, राई, मोर्वा ही गावं एकामागोमाग येतात, पुढे डोंगरी आणि उत्तन. आमची वस्ती आगऱ्यांची. भातशेती आणि मिठागर यांवर जगलेली. उत्तनकडे कोळी आणि ख्रिस्ती वस्ती, बांबूच्या वलांडींवर वाळणारे बोंबील. आज भाईंदर म्हटलं की लोकांना लोकलची गर्दी, इमारती आणि पूर्वेचे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आठवतात. पण माझ्या लहानपणी स्टेशनपासून पश्चिमेला थोडं चाललं की मिठाचे पांढरे ढीग दिसायला लागायचे आणि मग कौलारू घरं.

पुस्तक आलं त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडली होती, म्हणून हे सगळं लिहायला बसलो. माझ्या आत्याने फोन केला. वय शहाऐंशी. लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन ती माहेरी परत आली आणि घर पडेपर्यंत त्याच घरात राहिली. आता त्याच जागेवरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. म्हणाली, "तुझ्याकडं फोटो हायेत ना? आपल्या घराचा एक मोठा करून दे. भिंतीला लावीन." मी म्हटलं, "देतो की आत्या, त्यात काय." फोन ठेवला आणि ट्रंक काढली.

ट्रंकेतल्या शोधाकडे येतोच. पण आधी इस्तंबूलचं थोडं सांगतो. ते वाचताना मला आमच्याच गोष्टीचा अर्थ लागत गेला.

इस्तंबूलला घरं लाकडाची का, याची कारणं साधी होती. लाकूड मिळायचं, काम लवकर व्हायचं आणि भूकंपात लाकडी सांगाडा दगडी भिंतीपेक्षा बरा तगायचा. शत्रू एकच, आग. एकदा लागली की मोहल्लेच्या मोहल्ले जायचे. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथल्या सरकारने दगड-विटांच्या घरांचा आग्रह धरला. तरी लाकडी घरं होत राहिली आणि जळतही राहिली. १९१८ च्या आगीत फातिह भागातली हजारो घरं गेली.

पण उरलेली घरं आगीने नाही गेली. ती गेली बांधकामाने. १९५० नंतर खेड्यांतून माणसांचे लोंढे शहरात आले, जागेचा भाव वाढला. मग तिथे एक पद्धत रूढ झाली. घरमालकाकडे जमीन आहे, पैसा नाही. कंत्राटदाराकडे पैसा आहे, जमीन नाही. मालकाने जुनं घर पाडायला द्यायचं, कंत्राटदाराने त्या जागी इमारत उभी करायची आणि ठरलेले फ्लॅट मालकाला द्यायचे. १९६५ मध्ये तिथे एका इमारतीतल्या स्वतंत्र फ्लॅटच्या मालकीचा कायदा झाला आणि या व्यवहाराला पक्का आधार मिळाला. आपल्याकडे महाराष्ट्रात फ्लॅटविक्रीचा मोफा कायदा १९६३ चा आणि अपार्टमेंट मालकीचा १९७० चा. म्हणजे दोन्हीकडे साधारण एकाच काळात. मुर्ध्यातल्या कुठल्याही माणसाला हा इस्तंबूलचा करार समजावून सांगावा लागणार नाही. त्याने स्वतः तो केलेला असतो.

फरक आहे तो फोटोंमध्ये. तिथे घरं जात असताना कोणीतरी रस्त्यावर उभं राहून त्यांच्याकडे बघत होतं. सुरुवातीला नाही. सुलतान दुसरा अब्दुल हमीद याने साम्राज्याचे फोटो काढून घेतले आणि त्यांचे एक्कावन्न अल्बम १८९३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाला भेट दिले. त्यांत भर आहे तो शाळा, इस्पितळं, लष्कर, जहाजं, बंबवाले, सरकारी इमारती यांच्यावर. जगाने आपल्याला कसं बघावं हे सुलतानाला ठरवायचं होतं, तेव्हा गल्लीतली काळी पडलेली घरं त्याने कशाला मिरवली असती? गल्लीतलं रोजचं जगणं टिपलं ते पुढच्यांनी. आरा गुलेर (१९२८–२०१८) हा त्यांतला सगळ्यांत मोठा. १९५० आणि ६० च्या दशकांत तो बंदरावर, चहाच्या दुकानात, पडक्या घरांच्या गल्ल्यांत कॅमेरा घेऊन हिंडला. ओरहान पामुकने २००३ मध्ये आपल्या शहराच्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, तेव्हा गुलेरचे फोटो त्यात आले. लेखक ज्या शहरात वाढला ते शहर त्याला फोटोंत सापडलं.

हे वाचून मी विचार करायला लागलो की आमच्या बाजूला कॅमेरा कधी आला? आणि आला तेव्हा कुणाकडे वळला?

कॅमेरा काही उशिरा आला नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्यात होते आणि त्यांचे भाऊ नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. म्हणजे फोटोग्राफीचा शोध जाहीर होऊन पंधरा वर्षं होताहेत तोवर मुंबईत मराठी माणसं त्या नादाला लागली होती. १८६४ मध्ये रेल्वे वसईच्या खाडीपलीकडे गेली. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून बॅकबेला जाणारी पहिली उपनगरी गाडी सुटली. तेव्हा मुंबईतल्या कॅमेऱ्यापासून आमची गावं फार लांब नव्हती.

विल्यम जॉन्सन नावाच्या गृहस्थाने मुंबई इलाख्यातल्या जातीजमातींच्या फोटोंचं पुस्तक दोन भागांत काढलं, १८६३ आणि १८६६ मध्ये. पण त्याची रीत अशी, की माणसांचे फोटो एकीकडे काढायचे, देखावे दुसरीकडे, आणि छपाईत माणसं कापून देखाव्यावर बसवायची. म्हणजे त्या फोटोंत माणूस खरा, पण त्याच्या पाठीमागचं जग त्याचं असेलच असं नाही. घराचा पुरावा म्हणून असा फोटो उपयोगाचा नाही.

आमच्या अगदी समोर, खाडीपलीकडे वसईचा किल्ला. जोसेफ गर्सन द कुन्हा यांनी चौल आणि वसईच्या इतिहासावर १८७६ मध्ये पुस्तक काढलं. त्यात सतरा फोटो आहेत. पोर्तुगीजांची पडकी चर्चं, कमानी, वेलींनी गिळलेल्या भिंती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकलेल्या त्या दगडी शहराचे अवशेष शंभर-सव्वाशे वर्षांनी कुणाला तरी फोटो काढण्याजोगे वाटले. वाटायलाच हवे होते, तक्रार नाही. पण त्याच वेळी खाडीच्या दोन्ही काठांवर हजारो लाकडी घरांत चुली पेटत होत्या, आणि तिकडे कॅमेरा वळला नाही. १८८२ मध्ये कॅम्पबेलसाहेबांच्या संपादनाखाली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं. त्यात जंगल, इमारती लाकूड, मिठागरं, जातीजमाती, सगळ्याची बारीक नोंद आहे. नोंद शब्दांत. आमच्या घराचा सांगाडा कसा होता, हे डोळ्यांनी बघायचं तर काही नाही.

तेव्हा ते शब्दांतच सांगतो, निदान आमच्या घरापुरतं.

आधी दगडाचं जोतं, कंबरेएवढं. पावसाळ्यात पाणी अंगणात यायचं म्हणून. जोत्यावर सागाचे खांब, खांबांवर तुळया, मधोमध उंच आढं, आढ्यापासून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे. सगळं वजन या सांगाड्यावर. भिंती नुसत्या आडोशाला. पुढच्या भिंती विटांच्या, मागच्या कारव्यांच्या कुडाच्या, शेण-मातीने लिंपलेल्या. त्यामुळे भिंत खराब झाली तर घराला काही होत नसे, भिंत तेवढी नवी करायची. खांब-तुळयांचे जोड लाकडाच्या खाचेत लाकूड बसवून आणि वर लाकडाचीच खुंटी ठोकून केलेले. लोखंडी खिळा कमीत कमी. मिठागरांच्या खारट हवेत खिळा गंजतो, फुगतो आणि लाकूड फाडतो हे सुताराला माहीत होतं. प्रत्येक जोडावर पटाशीने खूण कोरलेली असे. कुठला तुकडा कुठे बसतो ती खूण. म्हणजे घर उतरवून दुसरीकडे पुन्हा उभं करता येईल. घराला सुटं करण्याची सोय बांधतानाच ठेवलेली होती.

समोर ओटी, तिला लाकडी कठडा. मग माजघर, देवघर, एका बाजूला भाताची कणगी. वर कडीपाटाचा माळा. त्यावर सुकी मासळी, कांदे, पावसाळ्यासाठी भरून ठेवलेलं सगळं. दक्षिणेला मागे वळणारी पडवी. तिथे चूल, उखळ, पाण्याचे हंडे, न्हाणी. टेकू होता तो तिथे.

आता ट्रंकेकडे येतो. ट्रंकेत घराशी संबंध असलेले एकंदर चौदा फोटो निघाले. एकही घराचा नाही. सगळे माणसांचे, आणि घर पाठीमागे. लग्न, साखरपुडा, बारसं, काकांनी घेतलेली पहिली सायकल, शाळेत नंबर आलेला मुलगा. माणसं मधोमध, ताठ, हात मांडीला चिकटवून. आणि त्यांच्या खांद्यांवरून, डोक्यांवरून, दोन माणसांच्या फटीतून दिसेल तेवढं घर.

मग मी आणि माझ्या चुलतभावाचा मुलगा (तो आर्किटेक्टचं शिकतो) असा उद्योग करायला बसलो. माणसांकडे बघायचंच नाही. फक्त पाठीमागे बघायचं.

आणि सांगतो, पाठीमागे पुष्कळ असतं. सगळ्यांत जुन्या फोटोवर तारीख नाही, पण छपरावर नळीची कौलं आहेत, हाताने वळलेली. नंतरच्या लग्नात त्याच छपरावर मंगलोरी कौलं. ही चपटी, साच्यातली कौलं बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढून सुरू केली आणि समुद्रमार्गे सगळ्या किनाऱ्यावर पसरली. आमच्या घरावर ती यायला आजोबांना मिठाचं एक चांगलं वर्ष यावं लागलं, असं आत्या सांगते. एका फोटोत शेजारच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आहे, म्हणजे तो साठीच्या दशकाच्या अखेरीनंतरचा. एकात शेजाऱ्यांच्या छपरावर टीव्हीचा अँटेना, म्हणजे २ ऑक्टोबर १९७२ नंतरचा. मुंबई दूरदर्शन त्या दिवशी सुरू झालं. पुढच्या एकात विजेचं मीटर दारावर आलं आहे आणि कंदिलाची खुंटी रिकामी आहे. एका बारशात कोपऱ्यात मिठाच्या पाट्या उपड्या घालून रचलेल्या आहेत, म्हणजे पावसाळा लागलेला, मिठाचा हंगाम संपलेला. माणसांनी फोटोसाठी नवे कपडे घातले, पण घराला कुणी सांगितलं नाही. ते रोजच्या कपड्यांत उभं राहिलं.

चौदा फोटो जमिनीवर मांडून पोराने कागदावर घर जुळवायला घेतलं. इथून कठड्याचे चार गज, तिथून दाराची चौकट, तिसऱ्यातून खिडकी. तीन रविवार गेले. पुढची बाजू जवळजवळ पूर्ण झाली. मी खूष. मग तो म्हणाला, "काका, ही दक्षिणेची बाजू एकाही फोटोत नाही."

खरंच नव्हती. चौदातल्या एकाही फोटोत पडवी नाही.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. घर पूर्वाभिमुख. घरात जो कॅमेरा होता तो आगफा क्लिक थ्री. बडोद्याला बनायचा, हजारो घरांत होता. एका रोलमध्ये बारा फोटो. त्याला ऊन लागायचं. त्यामुळे फोटो सकाळी, सूर्य पाठीशी घेऊन, घराच्या पुढ्यात. पडवीवर फणसाची सावली, तिथे फोटो उठलाच नसता. हे झालं कॅमेऱ्याचं कारण. पण ते पुरेसं नाही. फोटोग्राफरला सावलीतून माणूस उन्हात आणता येतो, आणि आमच्याकडे तेच केलं जायचं. बायकांना हाक मारून ओटीवर आणायचं, पदर सारखा करायला सांगायचं आणि उभं करायचं. पडवीत काम करणाऱ्या बाईचा फोटो काढायचा, हे कुणाच्या मनात आलं नाही. ती काय फोटोची जागा आहे? तिथे धूर, राख, ओले पाय.

मला सगळ्यांत लागलं ते हे, की आत्याने भिंतीला लावायला फोटो मागितला, आणि तिची पन्नास वर्षं ज्या पडवीत गेली ती पडवीच कुठल्या फोटोत नव्हती. चौदा फोटोंत आत्या स्वतः तीनदा आहे. तिन्ही वेळा कडेला, तिन्ही वेळा ओटीवर, जिथे ती एरवी क्वचितच बसायची.

यात माझा वाटा किती, तेही सांगायला हवं. नाहीतर हा लेख म्हणजे दुसऱ्यांना बोल लावणं होईल.

१९८४ मध्ये मी कॉलेजात होतो. क्लिक थ्री तोवर माझ्या ताब्यात आला होता. एकदा रोलमध्ये एक फोटो उरला होता म्हणून मी अंगणात उभा राहून नुसत्या घरावर कॅमेरा धरला. आजी ओटीवर तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "घराचा फोटू कनाला रं? घर काय पलून जातंय?" कनाला म्हणजे कशाला. आम्ही दोघेही हसलो. मी तो शेवटचा फोटो तिचा काढला, अगदी जवळून. त्यात घर नाही. फक्त आजी आणि मागे थोडा अंधार.

पुढच्या वर्षी, १२ जून १९८५ ला, ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगरपालिका झाली. योगायोग बघा, त्याच १९८५ मध्ये इस्तंबूलचे जुने भाग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले, आणि त्यांत झेरेक आणि सुलेमानिये इथले लाकडी घरांचे मोहल्लेही होते. यादीत आल्याने सगळी घरं वाचली असं नाही, कित्येक नंतरही पडली. पण निदान ती पडणं ही बातमी झाली. आपल्याकडे मुंबईसाठी वारसा इमारतींची नियमावली १९९५ मध्ये आली. गिरगावच्या खोताच्या वाडीसारख्या लाकडी घरांच्या वाडीला त्यामुळे निदान एक नाव मिळालं. दहिसरच्या पलीकडे ती नियमावली लागू नव्हती. आणि खरं सांगायचं तर आम्हाला नकोही होती.

कारण माणसं येत होती. १९९१ मध्ये मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती सव्वापाच लाखांच्या जवळ गेली आणि २०११ मध्ये आठ लाखांच्या वर. २८ फेब्रुवारी २००२ ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली. या लोकांना राहायला घर हवं होतं, आणि ते मुंबईत परवडत नव्हतं म्हणूनच ते इथे आले. त्यांना मी दोष देत नाही. शेतं विकली गेली, मिठागरांत माणसं मिळेनाशी झाली. घरपट्टीच्या कागदावर आजोबांचं नाव, आणि आजोबांच्या मागे अकरा वारस. सागाचा एक खांब बदलायचा तर खर्च कुणी करायचा? वाळवी लागली तर कुणी बघायचं? अकरा जणांचं घर कुणाचंच नसतं. तेव्हा एक बिल्डर आला आणि त्याने प्रत्येकाच्या वाटणीचं चौरस फुटांत सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांचा हिशेब एकदम जुळला.

२००३ मध्ये सह्या झाल्या. दहा जणांच्या सह्या झाल्या, आत्या राहिली होती. तिला समजवायला मला पाठवलं, कारण मी शिकलेला आणि तिचा लाडका. मी तिला सांगितलं, "आत्या, टेकू किती दिवस पुरणार? एखाद्या पावसाळ्यात अंगावर येईल." ते खोटं नव्हतं. तिने पाच मिनिटं विचार केला आणि सही केली. तिने मला फक्त एकच विचारलं, चूल नव्या घरात कुठे असेल. मी म्हटलं, गॅस असेल.

भूमिपूजन अंगणातच झालं, घर अजून उभं होतं. माझ्याकडे तोवर नवा कॅमेरा होता, छत्तीस फोटोंचा रंगीत रोल. एकोणतीस फोटो काढले. नारळ, पुरोहित, कुदळ, सगळे वारस रांगेत. आणि पाठीमागे? पाठीमागे मांडवाचा पिवळा-लाल पडदा. मांडववाल्याने जुनं घर दिसू नये म्हणून खास लावला होता, फोटो चांगले येतील म्हणून. सात फोटो उरले. मी पडद्यामागे गेलो नाही. ते सात फोटो पुढच्या महिन्यात मुलीच्या वाढदिवसाला वापरले.

पंधरा दिवसांनी लाकूडवाला आला. त्याने खांब-तुळया मोजल्या आणि घनफुटांचा भाव केला. कोरीव चौकटीचे वेगळे पैसे दिले. मुंबईत ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात अशा चौकटींना गिऱ्हाईक असतं. उतरवताना मजुरांनी जोडांवरच्या खुणा बघितल्याही नाहीत, करवत लावली. पुन्हा उभं करायचंच नव्हतं, तर खुणा कशाला बघायच्या?

घराला तेव्हा नव्वदच्या आसपास वर्षं झाली होती. त्या जागी आलेल्या इमारतीला आता वीस होताहेत. गेल्या पावसाळ्यानंतर आत्याच्या स्वयंपाकघराच्या छताचा पोपडा पडला आणि आतली सळई दिसली. खारी हवा सिमेंटमधून आत शिरते, सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. म्हणजे जुन्या सुताराने जो खिळा टाळला होता, तोच आता आत आडवा-उभा भरलेला आहे. सोसायटीत आता पुनर्विकासाच्या गोष्टी चालू झाल्या आहेत.

शेवटी आम्ही आत्याकडे गेलो, तो पोरगा आणि मी. जुळवलेलं पुढच्या बाजूचं चित्र घेऊन. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं. "हां," म्हणाली, "ओटी हाये." आणि मग कागदाच्या रिकाम्या, दक्षिणेच्या बाजूवर बोट ठेवून म्हणाली, "आनि हिकडं?"

मी सांगितलं, तिकडचा फोटो नाही. ती रागावली नाही, तिला नवलही वाटलं नाही. मग पोराने पेन्सिल काढली आणि विचारलं, "आजी, तू सांग. मी काढतो."

दोन तास ती सांगत होती. चूल दारापासून किती हात, उखळ कुठल्या खांबाशी, हंड्यांची उतरंड कुठे, धुराला वाट म्हणून कुठली दोन कौलं सरकवलेली असायची. पहाटे भात कांडताना कुठे पाठ टेकायची. नवी सून आली की पहिले काही दिवस कुठे बसून रडायची, हेसुद्धा सांगितलं. त्या जागेला घरातल्या बायकांनी नाव ठेवलं होतं, आणि ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. दोनदा तिने खोडायला लावलं. न्हाणी तिला हवी तिथे बसेना. "टेकू हिकडं नव्हता," ती म्हणाली, "टेकू माझे डोक्याशी होता. रातीला वारा सुटला का करकर वाजायचा."

तिला मी ते चित्र मोठं करून, चौकट करून दिलं आहे. फोटो नाही, चित्र आहे. तिने ते हॉलमध्ये नाही लावलं, स्वयंपाकघरात लावलं, पोपडा पडलेल्या जागेच्या खाली.

असो. आपल्याकडे आरा गुलेर हिंडला नाही. पण आपल्या अल्बमांत पाठीमागे बरंच काही आहे, आणि जे पाठीमागेही नाही ते सांगणारी माणसं काही घरांत अजून आहेत. उत्तन, डोंगरी, राईला काही लाकडी घरं आजही उभी आहेत. तिथे कोणी राहत असेल तर एक विनंती करतो. मोबाइल काढा आणि सरळ स्वयंपाकघराच्या बाजूला जा. माणसांना ओटीवर बोलावू नका. काम करत असतील तर करू द्या.

आणि कोणी विचारलं की घर काय पळून जातंय का, तर हसून कॅमेरा दुसरीकडे वळवू नका. मी वळवला होता.